चंद्रकलाबाईंचा ओढा

अहमदपूरच्या हायस्कुलात मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळे डबे उघडून बसले होते. एक उंच, हाडकुळ्या बाई आत आल्या. कपाळावर कायमची आठी, पदर कमरेला खोचलेला, बोटांना खडू. कोपऱ्यात भाकरी मोडत बसलेल्या क्रीडाशिक्षकांसमोर त्या जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाल्या, "सर, पुऱ्या गोळा झाल्या का?"

सरांचा घास हातातच राहिला. बाकीचे खाली माना घालून हसू दाबायला लागले. बाई आपल्या जागेवर गेल्या आणि डबा उघडून शांतपणे जेवायला लागल्या.

मला वाटलं, काहीतरी थट्टा असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मग शेजारी बसणाऱ्या बाईंनी मला चंद्रकलाबाईंच्या या प्रश्नामागची सगळी गोष्ट सांगितली.

कित्येक वर्षांपूर्वी शाळेची सहल सहस्रकुंडला गेली होती. इस्लापूरहून धबधब्यापर्यंत पोरं नाचत गेली आणि खालच्या अंगाच्या खडकांवर पांगली. तिथंच एका सपाट खडकावर पुरीभाजीच्या पंगतीची तयारी चालली होती. ऊन स्वच्छ होतं, वर एक ढग नव्हता. चंद्रकलाबाई मात्र जेवणाकडं पाठ करून वरच्या बाजूला बघत उभ्या होत्या. पोरं आल्यापासून पाणी नितळ होतं, आता त्यात तांबूस झाक यायला लागली होती. मग काड्या आल्या, पालापाचोळा आला, कडेला फेस धरायला लागला. बाईंनी क्रीडाशिक्षकांच्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली आणि जीव खाऊन वाजवली.

"वर! सगळे वर! काही उचलू नका!"

सर म्हणाले, "बाई, जेवणं तर होऊ द्या. आभाळात ढगसुद्धा न्हाई."

"आपल्या डोक्यावर नसला म्हणजे कुठंच नाही का?" बाई ओरडल्या.

पोरं वर पळाली. सर मात्र पुऱ्या गोळा करत बसले. एवढं अन्न वाया कसं घालवायचं, म्हणून. बाई पुन्हा खाली उतरल्या आणि सरांना कॉलरला धरून ओढत वर घेऊन आल्या. ते दोघं वर पोचतात न पोचतात तोच वरून घरघर आली आणि तो सपाट खडक पाण्याखाली गेला. परात गिरक्या घेत गेली ती सगळ्यांनी पाहिली.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण परत आल्यावर सरांनी मुख्याध्यापकांकडं तक्रार केली, की बाईंनी पोरांसमोर माझी कॉलर धरली, माझा अपमान केला. बाईंना खुलासा द्यावा लागला. तो त्यांनी दिला आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तो प्रश्न सुरू झाला. सर निवृत्त झाले त्या निरोपसमारंभातसुद्धा, हार घालून झाल्यावर, बाईंनी तो विचारला.

चंद्रकलाबाई अशा होत्या. त्या भांडत नसत, आवाज चढवत नसत, कुणाच्या मागं वाईट बोलत नसत. फक्त विसरत नसत.

आमची घरं एकाच गल्लीत, गावाच्या उंच अंगाला. त्यांचं घर कोपऱ्यावर. लग्न केलेलं नव्हतं. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून धाकट्या भावाला, दिगंबरला, त्यांनीच वाढवलं. त्याचं लग्न करून दिलं, त्याची पोरगी पल्लवी त्यांच्याच मांडीवर मोठी झाली. दिगूभाऊ एका दुकानात हिशेबाला होता. मऊ स्वभावाचा, हसरा, बहिणीच्या अगदी उलटा. बाई त्याला रागावायच्या आणि तो हसायचा, हेच त्या घरातलं बोलणं.

वर्गात त्या भूगोल शिकवत. पुस्तकातली नदी उगमापासून मुखापर्यंत एकदा वाहून गेली की त्या पुस्तक मिटत आणि पोरांना खिडकीशी नेत. आमच्याकडं पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून यायची, रोज दोन-दोन ओढे ओलांडून. बाई त्यांना विचारत, "सकाळी ओढ्याचं पाणी कसं होतं? तळ दिसत होता का? मग आता जाताना दिसला नाही तर काय करायचं?" पोरं एका सुरात म्हणायची, "थांबायचं!" "पूल पाण्याखाली असला तर?" "थांबायचं!" "ट्रॅक्टरवाला म्हणाला, बस मागं, सोडतो पलीकडं, तर?" "थांबायचं!" "चप्पल वाहून चालली तर?" "जाऊ द्यायची!"

हा शेवटचा प्रश्न त्या तोंडी परीक्षेत हमखास विचारत. एका पोरीनं उत्तर दिलं होतं, "नवी असली तर पळत जाऊन धरीन." बाईंनी तिला त्या विषयात नापास केलं. तिचे वडील भांडायला आले, तेव्हा म्हणाल्या, "आज माझ्याकडं नापास झाली. पाण्याकडं झाली असती तर तुम्ही कुणाशी भांडला असता?"

त्याच वर्गात, मी येण्याच्या पुष्कळ आधी, बालाजी नावाचा एक विद्यार्थी होता. हुशार. नकाशे सुरेख काढायचा. बाई त्याचं नाव कौतुकानं घेत. "माझ्या हाताखालून एवढ्या पोरांनी नदीखोऱ्याचा नकाशा काढला, पण पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे बालाजीएवढं कुणाला कळलं नाही," असं त्या म्हणायच्या.

हाच बालाजी पुढं जमिनी घेऊन प्लॉट पाडायच्या धंद्यात पडला. पोरसवदा होता तोवर बालाजी, मग बालाजीशेठ. गावाच्या खालच्या अंगाला त्यानं एक मोठं रान घेतलं. सपाट केलं, मुरूम टाकला, रस्ते आखले, कमान उभी केली आणि नाव दिलं 'हरितकुंज'. त्या रानातून एक ओढा जायचा. उन्हाळ्यात त्यात पाण्याचा थेंब नसायचा, शेळ्या फिरायच्या. बालाजीनं त्यात सिमेंटचे पाइप घातले आणि वरून माती लोटली. पुढच्या पावसाळ्यात त्यावर गवत आलं आणि इथं कधी ओढा होता, हे नव्या माणसाला ओळखूही येईनासं झालं.

दिगूभाऊनं तिथं प्लॉट घेतला तेव्हा बाई जागा बघायला गेल्या. मीही सोबत होते. दिगूभाऊ हौसेनं दाखवत होता, इथं स्वयंपाकघर, इथं पल्लवीची खोली. बाई मात्र कडेच्या बाभळींकडं बघत होत्या. खोडांवर, आपल्या डोक्याच्याही वर, काटक्या, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून वाळलेल्या होत्या.

"दिगू, या पिशव्या तिथं कुणी टांगल्या?"

"वाऱ्यानं आल्या असतील, ताई."

"वाऱ्यानं आल्या तर सगळ्या एका रेषेत कशा? ती पाण्याची रेष आहे."

पाया खणला होता त्याच्या मातीतून त्यांनी दगड उचलले. गुळगुळीत, गोल. "हे शेतातले दगड नाहीत. हे पाण्यानं घासलेले आहेत. तू ओढ्यात घर बांधतोयस."

दिगूभाऊ घाबरला. संध्याकाळी तो बालाजीकडं गेला. परत आला तो हसतच. "ताई, बालाजीशेठ म्हणाला, ओढा वरनंच वळविलाय. गावाच्या भायेरनं काढून दिलाय. नकाशा दाखवला मला. अन् म्हणाला, मी बाईंचा विद्यार्थी हाय, बाईंच्या भावाला फसवीन का?"

या शेवटच्या वाक्यानं बाई गप्प झाल्या. त्यांचा विश्वास बसला, असं नाही. पण भावाचा बसला होता आणि पोरगा खोटं बोलेल, असं मनात आणायला त्या तयार नव्हत्या.

घर झालं. एक पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी, परतीच्या पावसात, दुपारची वेळ होती. गावात ऊन होतं. वर बालाघाटच्या डोंगरात मात्र काळं झालं होतं. दिगूभाऊची बायको पल्लवीला घेऊन तिच्या परीक्षेसाठी नांदेडला गेलेली. दिगूभाऊ घरी एकटा. पाइपांच्या तोंडाशी वरचा कचरा अडकला आणि पाण्यानं आपली जुनी वाट धरली. अंगणात गुडघाभर पाणी झालं. दिगूभाऊला वाटलं, मोटारसायकल तेवढी कमानीबाहेर काढून ठेवावी. वाहतं पाणी गुडघाभर असलं तरी उभ्या माणसाला पाडतं, हे त्यानं बहिणीच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. तरी तो गाडी धरून उतरला.

ती दुपार आणि ती संध्याकाळ बाई ओढ्याच्या काठानं चालत होत्या. आम्ही गल्लीतले चार-पाच जण मागं. प्रत्येक काटेरी झुडपाशी त्या वाकून बघायच्या, हाक मारायच्या, पुढं जायच्या. साडी फाटली, पाय रक्ताळले. अंधार पडल्यावर लोकांनी त्यांना जबरदस्तीनं घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगूभाऊ सापडला, बाभळीच्या बनाच्याही पुढं, एका बांधाला अडकलेला. बाईंनी त्याचा चेहरा पदरानं पुसला. रडल्या नाहीत.

तेराव्याला बालाजी आला. पांढरे कपडे, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. ते खोटं नव्हतं. म्हणाला, "बाई, लई वाईट झालं. निसर्गापुढं कुणाचं काय चालतं?"

 बाई म्हणाल्या, "बालाजी, तू मला दिलेलं पहिलं चुकीचं उत्तर आहे हे."

तो मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाईंनी घडीची खुर्ची उचलली आणि हरितकुंजच्या कमानीखाली जाऊन बसल्या. निम्म्याहून जास्त प्लॉट अजून विकायचे होते. रविवारी गिऱ्हाइकं यायची, लातूरहून, उदगीरहून, गाड्या करून, बायकापोरांसह. बाई उठून उभ्या राहायच्या. "या. मी इथं जवळच राहते. तुम्हाला जागा दाखवते." पांढऱ्या केसांची, स्वच्छ साडीतली मास्तरीण. लोक विश्वासानं मागं जायचे. त्या त्यांना बाभळी दाखवत, खोडांवरची रेष दाखवत. कडेचा लव्हाळा दाखवून म्हणत, "भर उन्हाळ्यात हा हिरवा का, विचारा." खड्ड्यातले गोल दगड पोरांच्या हातात देत. शेवटी एका रिकाम्या घरापाशी नेत. भिंतीवर पाण्याचा तपकिरी पट्टा तसाच होता. "हे माझ्या भावाचं घर. तो गेला. आता तुम्ही बघा."

लोक गाडीत बसायचे आणि जायचे.

बालाजीनं आधी माणसं पाठवली. ती दोघंही बाईंच्या हाताखालून गेलेली. बाईंनी त्यांना विचारलं, "पूल पाण्याखाली असला तर?" एकाच्या तोंडून आपोआप निघालं, "थांबायचं." मग दोघंही ओशाळून परत गेले. मग तो स्वतः आला. मी त्या दिवशी बाईंना चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

"बाई, तुम्ही हे काय करून राहिलात? माझा धंदा बसला."

"मी भूगोल शिकवतेय."

"मी पल्लवीचं सगळं शिक्षण करतो. इथं बाग करणार हाय, त्या बागेला दिगूभाऊचं नाव देतो."

"दे. पण पूर्ण नाव दे. 'दिगंबर बुडाला ती बाग.' कमानीवर लिही."

त्याचा चेहरा लाल झाला. "बाई, तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर..."

"तर काय केलं असतंस? कर की."

तो काही करू शकत नव्हता. सगळं गाव बघत होतं. त्याच गावात बाईंचा विद्यार्थी म्हणून मिरवून त्यानं प्लॉट विकले होते.

मग त्यानं वेगळाच डाव टाकला. हरितकुंजच्या अगदी शेवटच्या रांगेत, जिथं कुणी प्लॉट घेत नव्हतं, तिथं त्यानं स्वतःचा बंगला बांधला. मोठा जोता, संगमरवरी पायऱ्या. म्हातारी आई, बायको, पोरं, सगळ्यांना घेऊन राहायला आला आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "धोका असता तर मी माझ्या आईला इथं आणलं असतं का?"

लोकांना ते पटलं. प्लॉट पुन्हा विकायला लागले. बारा-पंधरा घरं उभी राहिली.

मला वाटलं, बाई हरल्या. पण वास्तुशांतीच्या दिवशी बंगल्यावरची रोषणाई दुरून बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते हरलेल्या माणसाचं नव्हतं. मला तिथं उभं राहवेना. त्या हळूच म्हणाल्या, "येऊ दे. आता येऊ दे."

"बाई, असं नका बोलू. घरात म्हातारी आहे, लेकरं आहेत."

"माझ्या घरातही माणूसच होतं, अनिता."

तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. पावसाळ्यात आता त्या रविवारीच नव्हे, रोज जात आणि कमानीखाली न बसता बंगल्यासमोर खुर्ची टाकून बसत. गिऱ्हाइकांशी बोलणं बंद केलं होतं. फक्त डोंगराकडं बघत. बंगल्याच्या ओट्यावर बालाजीची आई, गयाबाई, बसलेली असायची. दोघी एकमेकींना बघायच्या. बोलत नसत.

मग तो दिवस आला. त्या दिवशीही गावात ऊन होतं. पुढं जे घडलं त्यातलं काही मी पाहिलं, काही गयाबाईनं सांगितलं, काही लोकांनी.

दुपार कलताना डोंगरावरचा ढग खाली टेकल्यासारखा झाला. बंगल्याच्या भिंतीलगत एक नाली होती, त्यात नेहमी बोटभर नितळ पाणी असायचं. ते चहासारखं झालं. मग त्यात गवताच्या काड्या आल्या, फेस आला. मातीचा ओला वास आला, पाऊस नसताना. मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढायला लागल्या. बाई खुर्चीवरून उठल्या.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं, मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं खरं, की त्यांनी पहिल्या घराचं फाटक काठीनं बडवलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. "बाहेर निघा. गाड्या राहू द्या. शाळेकडं वर जा." एका माणसानं गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली, तर त्याच्या हातावर त्यांनी काठी मारली. लोक निघाले, आधी कुरकुरत, मग नालीकडं बघून पळत.

बंगल्याकडं त्या सगळ्यात शेवटी वळल्या. सून पोरांना घेऊन लातूरला गेली होती. गयाबाई एकटीच.

"चला."

"बालाजी येऊ द्या माय. त्यो आला की जाऊ."

"तो यायच्या आधी पाणी येतंय. उठा."

"माज्या चपला कुठं गेल्या बगा."

"राहू द्या चपला," बाई म्हणाल्या आणि तिला दंडाला धरून मागच्या पायवाटेनं चढावर नेलं. बाकीचे शाळेकडं गेले होते. या दोघी गल्लीत आल्या, बाईंच्या घरी. त्यांना येताना कुणी पाहिलं नाही.

पाणी आलं. पाइप फुटले. बंगल्याची मागची भिंत एका आवाजात बसली. वीज गेली, फोन लागेनात.

मी शाळेत होते. वर्ग उघडून लोकांना बसवत होते. तेवढ्यात बालाजी आला. धावत, धापा टाकत. "आई? माझी आई आली का इकडं?" कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, "आमी निघालो तवा ओट्यावरच बसल्या होत्या की." तो पुढचं ऐकायला थांबला नाही. तसाच उतारानं पळाला. थोड्या वेळानं वरून सगळ्यांना दिसलं, तो काठाकाठानं चालला होता. प्रत्येक झुडपाशी वाकत होता. "आईऽ" म्हणून ओरडत होता. मागं दोन-तीन माणसं.

दिवस मावळायला आला तेव्हा मी बाईंची चौकशी करायला आमच्या गल्लीत आले. त्यांचं दार लोटलेलं होतं. आत कंदील लावलेला. आणि पाटावर गयाबाई पिठलं-भाकरी खात बसली होती.

मी म्हणाले, "गयाबाई, तुम्ही इथं?"

"हाव की माय. या बाईनं आणलं. बालाजीला निरोप धाडलाय म्हनं. पण अजून आला न्हाई त्यो."

मी बाईंना स्वयंपाकघरात ओढलं. "बाई, तो तिला शोधून राहिलाय. ती बुडाली म्हणून शोधतोय. कुठं निरोप पाठवला तुम्ही?"

"नाही पाठवला."

"तो वेडा होईल बाई. काठाकाठानं..."

"कुठपर्यंत गेलाय?"

"बाभळीच्या बनापर्यंत."

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग अजून थोडं पुढं जायचंय. दिगू त्याच्याही पुढं सापडला होता."

 त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. मग मी वळले आणि पळाले. मागून त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सांग त्याला. पण आधी माझ्या दारात यायचं. एकट्यानं नाही, सगळ्यांना घेऊन यायचं."

बालाजी मला बनाच्या पलीकडं भेटला. छातीपर्यंत चिखल, हाताला काटे. मी ओरडून सांगितलं तेव्हा त्याला आधी कळलंच नाही. मग तो जिथं होता तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

गल्लीत सगळे जमले. हरितकुंजची माणसं शाळेतून आली होती. बाई दारात उभ्या.

"आई?" त्यानं विचारलं.

"आहे. जेवली."

तो पायरी चढायला निघाला. बाईंनी दारावर हात आडवा धरला.

"आधी सांग. या सगळ्यांसमोर सांग. तुझ्या बंगल्याखाली काय आहे?"

"बाई, आधी आईला बघू द्या."

"मी दिगूला बघायला रात्रभर थांबले. तू अजून तेवढा थांबला नाहीस. सांग."

 बालाजी लोकांकडं बघत नव्हता. पायरीकडं बघत म्हणाला, "ओढा हाय."

"मोठ्यानं."

"ओढा हाय! म्या बुजविला. पाइप लहान घातले, मला ठाऊक होतं. दिगूभाऊला वळविलाय म्हणून सांगितलं. नकाशा म्याच काढला होता. खोटा."

बाईंचा हात खाली आला. पण बालाजी आत गेला नाही. कारण आतून गयाबाई उंबऱ्यापर्यंत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पोराकडं तिनं एकदा पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि मग ती बाईंकडं वळली.

"बाई, तुमी मला निरोप धाडला म्हनला."

गयाबाई एक पाऊल पुढं आली.

"माजं लेकरू पाण्यात मला हुडकत होतं, अन् तुमी मला पिठलं वाढत होता."

"हो," बाई म्हणाल्या.

"जीव वाचवला तुमी माजा. पर असं न्हाई करायचं बाई. त्याच्यावरचा सूड माज्याकडून न्हाई घ्यायचा."

बाईंनी मान खाली घातली. त्या बाजूला झाल्या. गयाबाई पायरी उतरली, अनवाणीच. बालाजीनं तिचा हात धरायला हात पुढं केला, तो तिनं धरू दिला नाही. पुढं ती, मागं तो, असे ते गल्लीतून गेले.

जे बोलून गेला ते त्याला मागं घेता येईना. ऐकणारे पुष्कळ होते आणि त्यांची घरं चिखलात होती. लोकांनी त्याला सोडलं नाही. पाइप उपटले गेले. बंगला ओढ्याच्या पोटातच होता, तो पाडावा लागला. ज्यांची घरं काठावर होती त्यांना त्यानं वरच्या अंगाची जागा दिली. जेसीबी चालू होता तेवढे दिवस बाई घडीची खुर्ची घेऊन समोर बसल्या. संगमरवरी पायऱ्या निघाल्या त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. आम्ही दोघी बघत बसलो. ओढ्याचं पात्र उघडं पडलं होतं. त्यातून बोटभर पाणी वाहायला लागलं होतं.

मी विचारलं, "आता बरं वाटतंय का बाई?"

 "दिगू परत आला नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या बनातनं बालाजीही पहिला होता तसा परत आला नाही. तेवढं मला पुरे आहे." मग म्हणाल्या, "गयाबाईंचं तेवढं राहिलं." 

गयाबाई नंतर बाईंकडं यायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. दुपारी यायची, ओसरीत बसायची. दोघी फारसं बोलत नसत. बाई चहा ठेवत, गयाबाई तो पीत नसे. कप तसाच थंड व्हायचा. तरी बाई रोज ठेवत आणि ती रोज येई.

दिगूभाऊ गेल्यापासून आईबरोबर आजोळी राहणाऱ्या पल्लवीला पुढच्या उन्हाळ्यात नांदेडला नोकरी लागली आणि ती आत्याला न्यायला आली. बाईंनी घर भाड्यानं दिलं. सामान फार नव्हतंच. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी लागली होती, बाई खिडकीत बसल्या होत्या, शेजारी पल्लवी. तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली आणि गयाबाई उतरली. तिला घेऊन बालाजीच आला होता. तो जरा वाळला होता, केस पांढरे झाले होते. दोन पावलं मागं उभा राहिला.

गयाबाईनं खिडकीतून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आत दिली. "वाटंत खावा."

बाईंनी ती घेतली, दोन्ही हातांनी. "खाईन," म्हणाल्या.  क्षणभर दोघींचे हात बरणीवरच राहिले.

कंडक्टरनं घंटी मारली. बालाजी खिडकीशी आला.  जाणाऱ्या माणसाला म्हणतात तेच तो म्हणाला, "बाई, परत या एकदा."

बाईंनी त्याच्याकडं सरळ पाहिलं. वर्गात पाहायच्या तसं, उत्तर यायची वाट बघत.

"येईन की," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात येईन."

गाडी मागं सरली, वळली आणि धूळ उडवत फाटकातून बाहेर गेली. गयाबाई हात हलवत राहिली. बालाजीनं मान वर करून आभाळाकडं पाहिलं. वैशाखातलं आभाळ, कुठं ढगाचा ठिपका नव्हता. तरी तो बघतच होता.